तेल जळतं, मग उरतं कसं?

मुलांनो, बाईंचं कधी चुकत नाही असं तुम्हाला वाटतं का? माझ्या वर्गातल्या मुलांना आता तसं अजिबात वाटत नाही. त्याला कारण झाली एक जुनी, गोल पाठीची मोटार.

झालं असं, की चौथीच्या वर्गात आम्ही इंधनांविषयी बोलत होतो. लाकूड, कोळसा, रॉकेल, पेट्रोल, डिझेल अशी यादी फळ्यावर लिहून झाली. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बाई, गाडीत ऑइल पण घालतात!" मी म्हटलं, "हो, तेही पेट्रोलबरोबर जळतं." यादीत 'ऑइल' लिहिलं आणि हात झटकले. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील रिक्षा चालवतात. ती म्हणाली, "बाई, जळतं, मग उरतं कसं? आमचे पप्पा रिक्षातलं जुनं ऑइल काढतात. काळं असतं, डबाभर निघतं."

वर्ग एकदम शांत. मी म्हटलं, "उद्या सांगते." शिक्षकांच्या या "उद्या सांगते"चा अर्थ काय असतो, ते तुमच्या आईबाबांना विचारा!

आमच्या शेजारी एक काका राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण हाताला कायम ग्रीस. त्यांच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक निळी मोटार आहे. पुढून गोल, मागून गोल, डोळे बाहेर आलेले. साताऱ्यातली आमची सगळी गल्ली तिला 'ढब्बी' म्हणते. तिचं खरं नाव बीटल, म्हणजे भुंगा. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची ही गाडी १९६६ साली तयार झालेली आहे. काकांनी ती मुंबईच्या एका गृहस्थांकडून जुनी विकत घेतली आणि तेव्हापासून तिचं ऑइल त्यांनी दुसऱ्या कुणाला बदलू दिलेलं नाही. शाळेतून आल्यावर मी त्यांच्याकडेच गेले.

काकांनी प्रश्न ऐकला आणि उलट मलाच विचारलं, "लहानपणी तू कोणत्या गाडीवर बसायचीस गं?"

"बाबांच्या चेतकवर."

"मग तिथंच घोटाळा झाला!"

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती जुनी स्कूटर पाहिलीही नसेल, पण तुमच्या बाबांना नक्की आठवत असेल. पेट्रोल पंपावर तिच्या टाकीत पेट्रोलबरोबर थोडं ऑइलही ओतायचे. ते इंजिनाला वंगण करता करता पेट्रोलबरोबर जळून जायचं आणि मागून निळसर धूर निघायचा. तशा इंजिनाला टू-स्ट्रोक म्हणतात. त्यातलं इंजिन ऑइल बदलायचा प्रश्नच नाही, कारण ते उरतच नाही. माझ्या डोक्यात तेच बसलं होतं. पण मोटारींची आणि आताच्या बहुतेक दुचाकींची इंजिनं फोर-स्ट्रोक असतात. त्यांत ऑइल इंजिनाच्या पोटात वेगळं साठवलेलं असतं. एक छोटा पंप ते वर चढवतो, ते सगळ्या भागांतून फिरतं आणि पुन्हा पोटात येऊन पडतं. इंजिन झिजलं तर त्यातलं थोडं जळतं, पण बाकीचं उरतं. म्हणजे ती मुलगी बरोबर होती आणि तिच्या बाई चुकल्या होत्या.

काका म्हणाले, "दिवाळी झाली की मला ढब्बीचं ऑइल बदलायचंच आहे. रविवारी घेऊन ये पोरांना. आणि हो, एक लोहचुंबक आणायला सांग."

लोहचुंबक कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी घरून परवानगी घेऊन सहा मुलं आली. त्या मुलीचे वडील तिला सोडायला रिक्षा घेऊन आले आणि गाडी बघून तिथंच थांबले. काकांनी मागचं झाकण उघडल्याबरोबर पोरांमध्ये हशा पिकला. "आजोबा, तुमचं इंजिन डिकीत आहे!" पुढचं बॉनेट उघडलं, तर तिथे पेट्रोलची टाकी, जादाचं चाक आणि एक सतरंजी. रिक्षावाले दादा म्हणाले, "हसताय काय? आमच्या रिक्षाचंही इंजिन मागंच असतं की!" आणि आणखी एक गोष्ट दोघींत सारखी. दोघींनाही रेडिएटर नाही. पाण्याचा एक थेंब लागत नाही.

मी लहान असताना आम्ही पुण्याहून येताना खंबाटकी घाटात हमखास दोन-चार गाड्या बॉनेट उघडून उभ्या दिसायच्या. आतून वाफ निघत असायची आणि ड्रायव्हर पाण्याची बाटली शोधत असायचा. इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा प्रचंड उष्णता तयार होते. बहुतेक गाड्यांत ती पाण्याच्या मदतीने बाहेर काढतात. बीटलमध्ये ते काम हवा करते. पट्ट्यावर चालणारा एक मोठा पंखा इंजिनावर सारखा वारा घालतो, आणि इंजिनाच्या नळकांड्यांभोवती धातूच्या पातळ पातळ चकत्या असतात. चकत्या कशाला? तुमचे आजोबा चहा बशीत ओतून पितात ना, त्याचसाठी! चहा पसरला की त्याला जास्त हवा लागते आणि तो लवकर निवतो. चकत्यांमुळे उष्णतेला पसरायला जागा मिळते. ऑइलही नुसतं वंगण करून गप्प बसत नाही. ते आतली उष्णता घेऊन पंख्याच्या वाऱ्यात ठेवलेल्या एका छोट्या कूलरमधून फिरतं आणि थंड होऊन परत जातं. पाणी नाही म्हटल्यावर अशा गाडीत ऑइलवर दुहेरी काम पडतं.

"पण पाणी का नाही ठेवलं?" एकाने विचारलं.

काकांनी त्यालाच विचारलं, "पाण्याने काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तर काय होईल?" "फुटेल!" ही गाडी जन्मली त्या जर्मनीत हिवाळ्यात रात्री पाण्याचा बर्फ होतो. बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा घेतो. गाडी उघड्यावर उभी असेल आणि पाणी गोठू नये म्हणून त्यात औषध घातलं नसेल, तर इंजिनाला तडा जायचा. साध्या माणसाकडे गाडीसाठी शेड कुठून असणार? म्हणून फर्डिनांड पोर्श या इंजिनिअरने हवेवर थंड होणारं इंजिन घेतलं.

या गाडीचा जन्म मात्र चांगल्या काळात झालेला नाही, आणि मोठ्या मुलांनी ते जाणून घ्यायला हवं. १९३०च्या दशकात हिटलरच्या सरकारने लोकांना स्वस्त मोटारीचं आमिष दाखवलं. आठवड्याला पाच मार्कांची तिकिटं घेऊन वहीत चिकटवायची, वही भरली की गाडी मिळणार! तीन लाखांहून जास्त लोकांनी तिकिटं चिकटवली. गाडी एकालाही मिळाली नाही. युद्ध सुरू झालं, कारखान्यात लष्करी गाड्या बनू लागल्या आणि पकडून आणलेल्या माणसांकडून तिथे सक्तीने काम करून घेतलं गेलं. १९४५ साली युद्ध संपल्यावर आयव्हन हर्स्ट नावाच्या ब्रिटिश मेजरने तो मोडकळीला आलेला कारखाना पुन्हा सुरू केला, आणि मग कुठे साध्या माणसांना ही गाडी मिळू लागली. १९७२ साली तिने फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा दीड कोटींचा विक्रम मोडला. शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोत तयार झाली. एकूण गाड्या झाल्या २,१५,२९,४६४. मुलांनो, हा आकडा एकदा मोठ्याने वाचा बरं!

तर आता कामाला लागू.

काकांनी आधी गाडी गल्लीतून एक चक्कर मारून आणली. ऑइल कोमट झालं की पातळ होतं आणि सगळी घाण घेऊन बाहेर येतं. थंडीतली काकवी आणि उन्हातली काकवी आठवा, म्हणजे समजेल. गाडी सपाट जागी उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकांना पुढून-मागून विटा लावल्या. बीटल जमिनीपासून इतपत उंच असते, की काकांना जॅक लावावा लागत नाही. त्यांनी मुलांना बजावलं, "नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. मेकॅनिक गेला तरी तुम्ही जायचं नाही." खाली फक्त काका गेले, गोणपाट अंथरून, हातमोजे घालून. मुलांनी बाहेर बसून मागितलेली वस्तू द्यायची.

इंजिनाच्या तळाला एक गोल झाकण असतं, साधारण पुरीएवढं. त्याच्या मधोमध मोठा बोल्ट आणि कडेने सहा छोटे नट. काकांनी मधला बोल्ट सोडला आणि खालच्या घमेल्यात काळी धार लागली. पोरं ओणवी होऊन बघत होती. "ई! केवढं घाण!" कुणीतरी म्हणालं.

खालून आवाज आला, "घाण नाही रे, कष्टाळू आहे ते. काजळी, धातूचा कीस, सगळं पोटात घेतलंय त्याने. काळं झालं म्हणजे काम केलं." हे मला फार आवडलं. ऑइलमध्ये अशी द्रव्यं मिसळलेली असतात, की ती काजळीला एका जागी साचू देत नाहीत, ऑइलमध्येच तरंगत ठेवतात. म्हणजे ऑइल बाहेर आलं की काजळीही बाहेर. बाकीच्या गाड्यांत हा कचरा अडवायला कागदी फिल्टर असतो. बीटलला तो नाही! तिच्याकडे फक्त तारेची एक गोल जाळी आहे, आपल्या चहाच्या गाळणीसारखी. ती मोठे कण अडवते, बारीक घाण तशीच फिरत राहते. म्हणून हिचं ऑइल दर पाच हजार किलोमीटरला बदलायचं. काकांची गाडी वर्षात तेवढी चालत नाही, तरी ते दर वर्षी एकदा बदलतातच.

धार थांबायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात काकूंनी पोरांना चिवडा दिला. मग काकांनी दहाच्या पान्याने सहाही नट काढले, झाकण उतरवलं आणि त्यावरची ती जाळी बाहेर आणली. ती त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवली, चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

जाळीवर चकाकणारे कण होते. तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, पण डोळ्यांना दिसतील असे.

"चुंबक आणलाय का कुणी?"

आता कळलं लोहचुंबक कशाला ते! त्या मुलीने शाळेच्या पेटीतला चुंबक पुढे केला. काकांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कणांवरून फिरवला. एक-दोन कण चिकटले, बाकीचे जागचे हलले नाहीत. म्हणजे ते पोलादाचे नव्हते. रिक्षावाले दादा आत्तापर्यंत मागे उभे होते. ते खाली बसले, एक कण बोटावर घेऊन नखाने दाबला. "मऊ आहे काका. बेअरिंगचा असेल."

काका काही बोलले नाहीत.

मी विचारलं तेव्हा दादांनीच समजावलं. इंजिनाच्या मधोमध एक जाड वाकडातिकडा दांडा मिनिटाला हजारो वेळा फिरतो. तो ज्या कड्यांमध्ये फिरतो, त्यांना आतून मऊ धातूचा थर असतो. दांडा आणि कडं एकमेकांना टेकत नाहीत, दोघांच्या मध्ये ऑइलचा पापुद्रा असतो, कागदाहून पातळ. तो पापुद्रा टिकला तर इंजिन वर्षानुवर्षं चालतं. तो तुटला, की मऊ थर खरवडून निघतो. थोडे कण जुन्या इंजिनात निघायचेच. जास्त निघाले, तर इंजिन उतरवून, दोन भाग वेगळे करून बेअरिंग बदलावी लागतात. साठ वर्षांच्या गाडीचे भाग काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.

त्या मुलीने कण मोजले. अकरा. तिने ते वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.

"बंद करू या," काका शेवटी म्हणाले. "नवं ऑइल घालू. पाचशे किलोमीटर चालवू आणि पुन्हा उघडून बघू. तेव्हा काय दिसतं त्यावर ठरवू."

जाळी रॉकेलमध्ये ब्रशने धुतली. आता झाकण बसवायचं. जाळीच्या वर एक आणि खाली एक, असं कागदी पॅकिंग असतं. नवीन दोन्ही पॅकिंग तयार होती, पण काकांनी मला विचारलं, "जुनी किती निघाली?" मी मोजली. एकच! दुसरं कुठे गेलं? ते इंजिनालाच चिकटून बसलं होतं. त्याच्यावर नवं बसवलं असतं तर ऑइल गळत राहिलं असतं. ते खरवडायला लोखंडी पट्टी चालत नाही, कारण इंजिनाचं हे आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं, ॲल्युमिनियमपेक्षाही हलकं आणि ओरखडा लगेच पडणारं. शेवटी एका मुलाची कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी कामाला आली. (नवी पट्टी त्याला मी घेऊन दिली. त्याच्या आईने हे वाचलं तर कळावं म्हणून लिहिलं.)

नटांखाली तांब्याचे नवे वॉशर घातले. नट आवळताना रिक्षावाल्या दादांनी मला एक नट फिरवू दिला. मी अंगात होता नव्हता तेवढा जोर लावायला निघाले, तर काका खालूनच ओरडले, "बास बास! मनगटाचा जोर, खांद्याचा नाही!" इथे जास्त आवळलं की मऊ धातूतले आटे उखडतात आणि दोनशे रुपयांचं काम वीस हजारांवर जातं. वह्या तपासताना मी जेवढ्या जोरात लाल रेघ मारते, त्याहून थोडाच जास्त जोर पुरला.

मग नरसाळं लावून वरून नवं ऑइल. डब्यावर '२०डब्ल्यू-५०' असं छापलेलं होतं. यातले आकडे दाटपणाचे. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतला दाटपणा सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातला. बीटलला अडीच लिटर लागतं. काकांनी आधी दोनच लिटर ओतलं, थांबले, ऑइल मोजायची काडी पुसून पुन्हा बुडवून बघितली, मग थोडं थोडं करत वरच्या खुणेपर्यंत आणलं. घाईने जास्त पडलं तर तेही वाईट.

आता इंजिन सुरू करायचं. काकांनी मुलांना खिडकीतून डॅशबोर्डवर लक्ष ठेवायला सांगितलं. किल्ली फिरवली की ऑइलचा दिवा लागतो. इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा दाब तयार झाला की काही क्षणांत तो विझला पाहिजे. विझला नाही तर तत्काळ इंजिन बंद. ऑइलशिवाय चाललेलं इंजिन काही मिनिटांत कायमचं जाऊ शकतं. किल्ली फिरली. दिवा लागला. ढब्बी फटफट करत जागी झाली. एक... दोन... तीन... पोरं मोठ्याने मोजत होती. चारला दिवा विझला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की समोरच्या गॅलरीतले लोक बाहेर आले.

घमेल्यातल्या अडीच लिटर काळ्या ऑइलचं काय करायचं? एक मुलगा म्हणाला, "गटारात ओतू?" खरं सांगते, माझ्या माहेरी असं ऑइल वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटींना फासायचे आणि उरलेलं परसात ओतायचे. तिथून दहा पावलांवर विहीर होती. कुणाला काही वाटायचं नाही. अमेरिकेचं पर्यावरण खातं लोकांना सांगतं, की गाडीतून एका वेळी निघालेलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. हे ऑइल लवकर कुजून मातीत मिसळत नाही, आणि सारखं हाताला लागलं तर कातडीलाही वाईट. पण ते साफ करून पुन्हा वापरता येतं. आपल्या देशात १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं ऑइल परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी टाकली आहे. आम्ही ते जुन्या कॅनमध्ये भरून बूच घट्ट लावलं. रिक्षावाले दादा ज्या गॅरेजमध्ये आपलं ऑइल देतात, तिथे तो कॅनही घेऊन गेले.

ढब्बीचं पुढे काय झालं ते सांगते. काका डिसेंबरमध्ये दोनदा कोल्हापूरला जाऊन आले. जानेवारीच्या पहिल्या रविवारी पुन्हा झाकण उघडलं. या वेळी पोरं सहाची अकरा झाली होती. जाळी वर्तमानपत्रावर ठेवली तेव्हा कुणी श्वासही घेत नव्हतं. त्या मुलीने वही उघडून मोजायला सुरुवात केली आणि लगेच थांबली. तीन. तिघांपैकी दोन चुंबकाला चिकटले. काकांनी चष्मा काढून पुसला. "आणखी एक वर्ष मिळालं," ते म्हणाले आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. रिक्षावाल्या दादांनी मात्र हजार किलोमीटरला आणखी एकदा बघायचं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

आता राहिला माझा सोमवार, म्हणजे त्या पहिल्या रविवारनंतरचा. इंधनांची यादी मी तोवर फळ्याच्या कोपऱ्यात तशीच ठेवली होती, भोवती चौकट आखून. वर्गात सांगितलं, "मी चुकीचं शिकवलं होतं," आणि 'ऑइल' पुसायला त्या मुलीलाच पुढे बोलावलं. तिने डस्टर घेतलं, पण पुसलं नाही. थोडा विचार करून तिने त्या शब्दापुढे कंसात लिहिलं, 'फक्त बाईंच्या बाबांच्या चेतकमध्ये'.